जुन्या मोटारीत दिव्यांच्या विस्मरणाची सूचना देणारा बझर : जोडणी छोटी, पण पद्धत अचूक हवी

नवी दिल्ली : दाट धुक्यात, मुसळधार पावसात किंवा बोगद्यात मोटारीचे दिवे लावणे ही सुरक्षित वाहनचालनाची प्राथमिक अट आहे. मात्र मुक्कामी पोहोचल्यावर ते बंद करण्याचे राहून जाणे ही कोणाच्याही हातून घडू शकणारी चूक आहे. नव्या मोटारींमध्ये अशा वेळी सूचक ध्वनी ऐकू येतो किंवा दिवे आपोआप मालवतात. भारतातील रस्त्यांवर अद्याप धावणाऱ्या अनेक जुन्या मोटारींमध्ये मात्र ही सोय नाही. परिणामी काही तासांत बॅटरी उतरते आणि गाडीची सर्वाधिक गरज असते त्याच क्षणी ती सुरू होत नाही. एक छोटा बझर, एक डायोड, एक फ्यूज आणि काही फूट वायर एवढ्या साहित्यात ही उणीव दूर करता येते. तथापि हे साहित्य कोठे आणि कसे जोडले जाते, यावरच त्याची उपयुक्तता आणि सुरक्षितता अवलंबून असते.

विसर दिवसाच का पडतो?

रात्री गाडी उभी केल्यावर समोरच्या भिंतीवर पडलेला प्रकाशच चालकाला दिव्यांची आठवण करून देतो. अडचण उद्भवते ती दिवसा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील भातान, माडप किंवा कामशेतच्या बोगद्यात लावलेले दिवे बाहेरच्या लख्ख उन्हात लागलेले आहेत की नाहीत, हे चालकाच्या आसनावरून कळत नाही. हिमाचल प्रदेशात ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांबीचा आहे. एवढे अंतर दिवे लावून कापल्यावर ते लावले होते याचेच विस्मरण होणे स्वाभाविक आहे. कोकणातील आणि घाटमाथ्यावरील पावसाळी दुपारी, तसेच पंजाब, हरियाणा, दिल्ली आणि उत्तर प्रदेशातील हिवाळी सकाळी हाच प्रसंग वारंवार ओढवतो. धुक्यात निघालेला चालक कार्यालयात पोहोचेपर्यंत ऊन पडलेले असते.

म्हणजेच हा प्रश्न निष्काळजीपणाचा कमी आणि संकेताच्या अभावाचा अधिक आहे. डॅशबोर्डवरील छोटा हिरवा किंवा निळा दिवा उन्हात दिसत नाही. कानावर पडणारा आवाज मात्र प्रकाशावर अवलंबून नसतो.

दुचाकींच्या बाबतीत हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटला आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींमध्ये इंजिन सुरू असेपर्यंत हेडलाइट आपोआप लागलेला राहतो आणि इंजिनासोबत तो बंद होतो. मोटारींमध्ये १ जुलै २०१९ पासून सीटबेल्टची आठवण करून देणारा आणि वेगमर्यादेचा इशारा देणारा ध्वनी अनिवार्य करण्यात आला. त्यापूर्वीच्या मोटारी, विशेषतः डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ या काळात तयार झालेली मारुती ८००, तिच्या समकालीन छोट्या गाड्या आणि हौसेने जपलेल्या अँबेसेडर व पद्मिनी, यांच्या मालकांना मात्र असे साहाय्य स्वतःच मिळवावे लागते.

बॅटरीवर नेमके काय ओढवते?

छोट्या पेट्रोल मोटारीत साधारणतः १२ व्होल्ट आणि ३५ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असते. प्रचलित हॅलोजन हेडलाइटचा डिपर प्रत्येकी ५५ वॅटचा असतो. दोन हेडलाइट, पुढील-मागील मिळून ५ वॅटचे चार छोटे दिवे, नंबर प्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचा प्रकाश यांची बेरीज १३५ ते १४० वॅटपर्यंत जाते. याचा अर्थ बॅटरीतून सुमारे ११ ते १२ अँपिअर प्रवाह सतत वाहत राहतो.

३५ भागिले ११ असा सरळ हिशेब केल्यास तीन तासांचे उत्तर मिळते. प्रत्यक्षात स्थिती त्याहून बिकट असते. बॅटरीवर छापलेली क्षमता ही वीस तासांत संथपणे वापरण्याच्या हिशेबाने ठरवलेली असते. प्रवाह जितका मोठा, तितकी मिळणारी एकूण ऊर्जा कमी. त्यामुळे नवी बॅटरीदेखील दोन-अडीच तासांत जवळपास रिकामी होते. शिवाय सेल्फ मारताना स्टार्टर मोटारला शंभर अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून अधिक प्रवाह लागतो. तेवढा जोर बॅटरी पूर्ण रिकामी होण्याच्या बऱ्याच आधी संपलेला असतो. दोन-तीन वर्षे वापरलेल्या बॅटरीसाठी तासाभराचे विस्मरणही पुरेसे ठरू शकते. केवळ पार्किंग लाइट सुरू राहिले, तर प्रवाह दोन अँपिअरच्या आसपास असतो. अशी बॅटरी रात्रभर तग धरते, परंतु सकाळी तिच्यात सेल्फ मारण्याइतका जोर उरलेला नसतो.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. मोटारीची शिसे-आम्ल बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देऊन लगेच पुन्हा भरली जावी, अशा रीतीने बनवलेली असते. पूर्ण भरलेल्या अवस्थेत तिचा दाब १२.६ ते १२.७ व्होल्ट असतो आणि निम्मी उतरल्यावर तो १२.१ ते १२.२ व्होल्टपर्यंत येतो. त्याहून खाली ती पुष्कळ वेळ राहिल्यास पट्ट्यांवर शिसे सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि ते पुढे पूर्णपणे विरघळत नाहीत. प्रत्येक वेळी बॅटरी अशी तळाला गेली की तिची क्षमता कायमची घटते. त्यामुळे धक्का मारून गाडी सुरू झाली, म्हणजे प्रश्न मिटला, असे मानता येत नाही. बाजारापर्यंतच्या दहा मिनिटांच्या फेरीत अल्टरनेटरकडून अशी बॅटरी पूर्ण भरली जात नाही. ती चार्जरवर सावकाश भरणेच योग्य असते.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत थोडा विद्युतदाब शिल्लक असेल, तर दुसऱ्या गिअरमध्ये धक्का देऊन इंजिन सुरू करता येते. इंधन-इंजेक्शनच्या, म्हणजे एमपीएफआय इंजिनाच्या गाडीत इंधनपंप आणि संगणक यांनाच वीज लागत असल्याने पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर धक्क्याचाही उपयोग होत नाही. रुग्णाला मध्यरात्री दवाखान्यात न्यायचे असेल, किंवा घाटात कुटुंबासह थांबा घेतला असेल, तर ही गैरसोय धोक्याचे रूप घेऊ शकते.

आधी गाडीची चाचणी

कोणतीही खरेदी करण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी. हेडलाइट लावून किल्ली काढून घ्यावी आणि बाहेर येऊन पाहावे. काही गाड्यांत सर्व दिवे लागलेले राहतात. काहींत किल्लीबरोबर हेडलाइट मालवतो, परंतु पार्किंग लाइट सुरूच राहतात. दोन्ही प्रकारांत बझर उपयुक्त आहे. सर्व दिवे मालवत असतील, तर त्याची आवश्यकता नाही.

याच कारणास्तव बझरला सूचना देणारी वायर हेडलाइटवरून न घेता पार्किंग लाइटच्या मंडलावरून घ्यावी. स्विचच्या पहिल्या टप्प्यात पार्किंग लाइट आणि दुसऱ्या टप्प्यात हेडलाइट लागतात, आणि पार्किंग लाइट दोन्ही टप्प्यांत सुरू असतात. ही वायर सहसा फ्यूज बॉक्समध्ये ‘टेल’ असे लिहिलेल्या फ्यूजच्या बाहेर जाणाऱ्या बाजूस सापडते. टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावून खात्री करावी. दिवे लावल्यावर १२ व्होल्ट आणि बंद केल्यावर शून्य, अशी नोंद मिळाली पाहिजे. केवळ वायरच्या रंगावर विसंबू नये. जुन्या गाडीत मधल्या काळात कोणी कोणती वायर बदलली असेल, हे सांगता येत नाही.

पहिली पद्धत : दरवाजाच्या स्विचमार्फत

बहुतेक जुन्या मोटारींत दरवाजा उघडताच छतावरील केबिन लाइट लागतो. चौकटीतील छोटा दाबस्विच दरवाजा उघडल्यावर त्या दिव्याची वायर गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला जोडतो. बझरसाठी याच स्विचचा उपयोग करता येतो.

जोडणीचा क्रम असा : पार्किंग लाइटची वायर, त्यानंतर एक अँपिअरचा फ्यूज, त्यानंतर डायोड, त्यानंतर बझरचे धन टोक. बझरचे ऋण टोक दरवाजाच्या स्विचकडे जाणाऱ्या वायरला. डायोडवरील पट्टा बझरच्या बाजूस असावा. इलेक्ट्रॉनिक साहित्याच्या दुकानात ‘१एन४००७’ या क्रमांकाने मिळणारा डायोड यासाठी पुरेसा आहे.

दिवे सुरू असताना दरवाजा बंद असेल, तर बझरच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब मिळतो आणि तो शांत राहतो. दिवे सुरू असताना दरवाजा उघडला, की ऋण टोक अर्थला मिळते आणि बझर वाजू लागतो. दिवे बंद असतील, तर दरवाजा कितीही वेळ उघडा राहिला तरी आवाज होत नाही.

येथे डायोड वगळता येत नाही. दिवे बंद आणि दरवाजाही बंद असताना केबिन लाइटमधून आलेला दाब बझरमधून उलट दिशेने जाऊन पार्किंग लाइटच्या बल्बमार्फत अर्थपर्यंत पोहोचू पाहतो. या उलट प्रवाहाने बझर बिघडू शकतो आणि उभ्या गाडीतून अकारण वीज खर्च होऊ शकते. डायोड ही वाट बंद करतो.

या पद्धतीचा मोठा लाभ असा, की इंजिनाच्या प्रज्वलन मंडलाला हातही लागत नाही. मर्यादा एकच आहे. इंजिन सुरू ठेवून रात्री दरवाजा उघडला, तरी तेवढा वेळ बझर वाजतो. ज्या गाड्यांत दरवाजांचे स्विच एकाच वायरवर आहेत, तेथे मागच्या प्रवाशाने दरवाजा उघडल्यावरही तो वाजेल. बहुतांश चालकांना याचा त्रास होत नाही.

दरवाजाचा स्विच गंजलेला असेल, तर बझर ऐन वेळी मुका राहील. म्हणून केबिन लाइट दरवाजासरशी लागतो का, हे प्रथम पाहावे आणि गरज असल्यास स्विच स्वच्छ करावा किंवा बदलावा.

दुसरी पद्धत : किल्लीच्या मंडलाशी

जुन्या गाड्यांत गॅरेजमध्ये अनेकदा आणखी सोपी जोडणी केली जाते. बझरचे धन टोक पार्किंग लाइटला आणि ऋण टोक किल्ली फिरवल्यावर वीज मिळणाऱ्या वायरला जोडले जाते. किल्ली सुरू असताना दोन्ही टोकांना १२ व्होल्ट असल्याने बझर शांत राहतो. किल्ली बंद करताच त्या मंडलावरील इतर उपकरणांमधून ऋण टोकाला अर्थ मिळतो आणि बझर वाजतो. येथेही डायोड आवश्यकच आहे.

साध्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ही युक्ती चालते. मात्र तिच्यात बझरचा परतीचा प्रवाह दुसऱ्याच उपकरणातून जातो. त्या मंडलावर इंजिनाचा संगणक, सेन्सर किंवा इंधनपंपाचा रिले असेल, तर ही जोडणी टाळणेच हिताचे आहे.

तिसरी पद्धत : रिलेसह

किल्ली काढल्यानंतरच बझर वाजावा अशी अपेक्षा असल्यास पाच टोकांचा १२ व्होल्टचा रिले वापरावा. रिलेच्या ८६ क्रमांकाच्या टोकाला किल्लीनंतर वीज मिळणारी वायर आणि ८५ ला अर्थ द्यावा. ही वायर इंजिनाच्या संगणकाच्या फ्यूजवरून न घेता वायपरसारख्या साध्या मंडलावरून घ्यावी. पार्किंग लाइटची वायर फ्यूजमार्फत ३० क्रमांकाच्या टोकाला जोडावी. ८७ए या टोकावरून डायोडमार्फत बझरचे धन टोक आणि बझरच्या ऋण टोकावरून दरवाजाच्या स्विचची वायर, अशी रचना करावी. ८७ हे टोक मोकळे ठेवून त्यावर इन्सुलेशन करावे.

किल्ली सुरू असताना रिले ओढला जातो आणि बझरचा मार्ग तुटतो. किल्ली बंद केल्यावर तो मार्ग पूर्ववत होतो. दिवे सुरू, किल्ली बंद आणि दरवाजा उघडा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच इशारा मिळतो. अकारण वाजणाऱ्या बझरची वायर वैतागून काढून टाकली जाण्याची शक्यता या रचनेत सर्वांत कमी असते.

बझर निवडताना

१२ व्होल्टच्या सरळ प्रवाहावर स्वतःहून वाजणारा बझर घ्यावा. ज्याला आवाजासाठी स्वतंत्र मंडल लागते, अशी नुसती पिझो चकती घेतल्यास ती वाजणार नाही. लहान बझरला २० ते ३० मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. तो बारा तास अखंड वाजला, तरी बॅटरीतून अर्ध्या अँपिअर-तासाहून कमी ऊर्जा खर्च होते. पावसाच्या आवाजातही ऐकू येईल, परंतु दचकवणार नाही, असा मध्यम स्वर निवडावा. चालकाला कमी ऐकू येत असेल, तर बझरला समांतर १२ व्होल्टचा लाल एलईडी दिवा जोडता येतो.

बझर डॅशबोर्डखाली चालकाच्या बाजूस बसवावा. इंजिनाच्या कप्प्यात उष्णता आणि पाणी यांमुळे तो टिकत नाही आणि तेथून ऐकूही येत नाही. पेडल, स्टिअरिंगचा दांडा आणि एअरबॅगची वायरिंग यांपासून तो दूर असला पाहिजे.

काम करताना घ्यावयाची काळजी

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. फ्यूज पार्किंग लाइटच्या जोडापासून शक्य तितक्या जवळ बसवावा, जेणेकरून पुढे वायर कोठे घासली गेली तरी फ्यूज उडेल आणि वायर तापणार नाही. बझरचा प्रवाह अत्यल्प असला, तरी शॉर्ट झालेल्या वायरमधून बॅटरी प्रचंड प्रवाह देऊ शकते. गाडीला आग लागण्याचे ते एक परिचित कारण आहे. वायर पिळून नुसती टेप गुंडाळलेला जोड उन्हाने सैल होतो. त्याऐवजी जोड लग दाबून किंवा डाख देऊन पक्का करावा आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. पत्र्याच्या छिद्रातून वायर न्यावयाची असल्यास रबरी बूच वापरावे.

काही नंतरच्या मॉडेलमध्ये दरवाजाचे स्विच आणि दिवे एका इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला जोडलेले असतात. अशा गाडीत वायरला मध्येच जोड देऊ नये. अधिकृत सेवा केंद्रात अथवा जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे चौकशी करावी. काही फार जुन्या विदेशी गाड्यांत बॅटरी ६ व्होल्टची असते किंवा बॉडी धन ध्रुवाला जोडलेली असते. तेथे वरील जोडणी जशीच्या तशी लागू होत नाही.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरतील अशा बदलांवर निर्बंध घालते. गाडीच्या आत बसवलेल्या छोट्या सूचक बझरने त्या तपशिलात कोणताही बदल होत नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर योग्यता तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. त्या तपासणीत दिवे आणि वायरिंग नीट असणे अपेक्षित असते. त्यामुळे नवी जोडणी करताना मूळ दिव्यांच्या मंडलाला धक्का लागू नये.

शेवटची तपासणी

काम पूर्ण झाल्यावर चार स्थिती तपासाव्यात. दिवे बंद, दरवाजा बंद : आवाज नाही. दिवे बंद, दरवाजा उघडा : आवाज नाही. दिवे सुरू, दरवाजा बंद : आवाज नाही. दिवे सुरू, किल्ली बंद, दरवाजा उघडा : आवाज आला पाहिजे. ही शेवटची तपासणी केवळ पार्किंग लाइट लावूनही करावी. दुसऱ्या पद्धतीत मात्र दरवाजाचा संबंध नसल्याने दिवे सुरू ठेवून किल्ली बंद करताच आवाज यावयास हवा. त्यानंतर गाडीचे इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि केबिन लाइट पूर्वीप्रमाणे चालतात का, हे पाहावे. महिन्यातून एकदा ही चाचणी पुन्हा करणे श्रेयस्कर.

एवढे करूनही एखाद्या दिवशी बॅटरी उतरलीच, तर दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट करताना क्रम पाळावा. लाल केबल प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला आणि नंतर चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि सर्वांत शेवटी बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावी. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्याने तिच्याजवळ ठिणगी पडू न देणे हा या क्रमामागील हेतू आहे.

पावसाळा किंवा धुक्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी वायपर, टायर आणि दिवे यांची तपासणी अनेक वाहनमालक करतात. जुन्या मोटारीच्या बाबतीत या यादीत बझरची भर घालता येईल. नव्या बॅटरीच्या किमतीशी तुलना करता त्याचा खर्च नगण्य आहे आणि जाणत्या कारागिराला त्यासाठी एक-दोन तासांहून अधिक वेळ लागत नाही. मुख्य म्हणजे दिवसा दिवे लावले, तर ते विसरले जातील, या धास्तीने धुक्यात किंवा पावसात ते न लावण्याचे कारण उरत नाही.